सैनिकी अपंगत्व-निवृत्तिवेतन

सैनिकी सेवेत झालेली जखम, अपघात किंवा जडलेला रोग यांमुळे ज्याची शारीरिक वा मानसिक कार्यक्षमता घटली आहे, अशा सैनिकास शासनाकडून दरमहा मिळणाऱ्या भरपाईस सैनिकी अपंगत्व-निवृत्तिवेतन असे म्हणतात. सर्वसाधारण निवृत्तिवेतन हे सेवेच्या कालावधीवर अवलंबून असते. ठराविक वर्षे पूर्ण केल्यावाचून ते मिळत नाही [⟶ निवृत्तिवेतन]. अपंगत्व-निवृत्तिवेतनास अशी किमान सेवेची अट नसते. भरती झाल्यानंतर वर्षभरात पाय गमावलेला सैनिकही त्यास पात्र ठरू शकतो. कारण येथे मोबदला सेवेच्या वर्षांचा नसून, सेवेत गमावलेल्या अवयवाचा अथवा आरोग्याचा असतो.

या भरपाईच्या इतिहासात तीन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. अपंगत्व कशामुळे आले, हा पहिला. ते किती आहे व त्याचे मोल कसे ठरवावयाचे, हा दुसरा. आणि सेवा व अपंगत्व यांमधील कार्यकारणसंबंध कोणी सिद्ध करावयाचा, म्हणजेच शाबितीचा भार कोणावर, हा तिसरा. रणांगणावर गोळी लागलेल्या सैनिकाच्या बाबतीत पहिला व तिसरा प्रश्न सहसा उद्भवत नाही. सैनिक रोगाने वा मानसिक विकाराने अपंग झाला, की मात्र हे दोन्ही प्रश्न निर्णायक ठरतात. विसाव्या शतकातील या विषयावरील बहुतेक कायदे, नियम व न्यायनिर्णय त्यांच्याभोवतीच फिरत राहिले आहेत.

पूर्वपीठिका : युद्धात पंगू झालेल्या नागरिकाचे पोषण राज्याने करावे, हा संकेत प्राचीन अथेन्समध्ये रूढ होता. मध्ययुगीन यूरोपात अशा सैनिकांचा सांभाळ मुख्यतः मठ व धर्मादाय संस्था करीत. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, १५९३ मध्ये, जखमी सैनिक व खलाशी यांच्या साहाय्यासाठी कायदा करण्यात आला आणि त्याकरिता प्रत्येक पॅरिशवर कर बसविण्यात आला. सैनिकाच्या पोषणाची जबाबदारी दानधर्माच्या कक्षेतून कायद्याच्या कक्षेत आणणारा हा एक आरंभीचा टप्पा होय. फ्रान्समध्ये चौदाव्या लूईने १६७० मध्ये पॅरिस येथे ‘ओतेल दे-झँव्हालीद’ या भव्य वास्तूची स्थापना केली, तर इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सी येथील रॉयल हॉस्पिटलचा पाया घातला. अपंग व वृद्ध सैनिकांना निवारा देणे हा दोन्ही संस्थांचा उद्देश होता. परंतु गरजूंची संख्या निवाऱ्यातील जागांपेक्षा नेहमीच अधिक असल्याने, घरी राहणाऱ्यांना रोख वेतन देण्याची पद्धत लवकरच प्रचारात आली. अमेरिकेतील वसाहतींच्या काँग्रेसने स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, १७७६ मध्ये, उपजीविकेस असमर्थ झालेल्या सैनिकांना निम्मे वेतन देण्याचा ठराव केला. पुरेसे सैनिक मिळविणे व टिकविणे हाही त्यामागील एक हेतू होता.

मराठेशाहीतील व्यवस्था : सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत, अफजलखानाच्या पराभवानंतर शिवाजी महाराजांनी केलेल्या बक्षीसवाटपाची माहिती आढळते. तीनुसार जखमी सैनिकांना जखमेचे स्वरूप पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन देण्यात आले आणि लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांच्या चरितार्थाची तजवीज करण्यात आली. जखमेच्या प्रमाणात रक्कम हे आधुनिक अपंगत्व-निवृत्तिवेतनाचे सूत्र येथे स्पष्टपणे दिसते. मात्र ही रक्कम एकवार दिलेली होती आणि ती स्वामीच्या औदार्याचा भाग होती; तीवर सैनिकाचा कायदेशीर हक्क नव्हता. पेशवाईत लढाईत मरण पावलेल्यांच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ या नावाने नेमणुका व जमिनी दिल्या जात. तिचा संबंध मुख्यतः मृतांच्या वारसांशी असला, तरी सैनिकाच्या हानीची भरपाई करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव तीत व्यक्त होते.

कंपनीचा काळ : ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात आजारी व जायबंदी झालेल्यांसाठी १७७० मध्ये ‘लॉर्ड क्लाइव्ह निधी’ स्थापन झाला. मीर जाफरच्या मृत्युपत्रान्वये मिळालेल्या पाच लाख रुपयांच्या देणगीतून त्याची उभारणी झाली होती. कंपनीचे यूरोपीय अधिकारी व सैनिक आणि त्यांच्या विधवा हे त्याचे लाभार्थी होते. हिंदी शिपायांसाठी बंगाल इलाख्यात वेगळी पद्धत अवलंबिण्यात आली. सु. १७८० ते १८३० या काळात सेवेस अक्षम ठरलेल्या शिपायांना भागलपूर व आसपासच्या प्रदेशांत पडीक जमिनी देऊन वसविण्यात आले. या वसाहतींना ‘इनव्हॅलिड ठाणी’ म्हणत. त्यांमुळे शिपायाला उपजीविका मिळे, कंपनीच्या तिजोरीवरील रोख वेतनाचा बोजा हलका होई, जंगलपट्ट्यात लागवड वाढे आणि कंपनीशी निष्ठावंत असा एक वर्गही तेथे निर्माण होई. अपंग सैनिकाच्या साहाय्यात शासनाचे अन्य हेतू कसे मिसळलेले असतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

पहिले महायुद्ध व शाबितीचा प्रश्न : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) हिंदुस्थानातून सु. तेरा लक्ष लोक सैनिक व साहाय्यक म्हणून समुद्रापार गेले. त्यांपैकी सु. ७४,००० मृत्युमुखी पडले आणि साठ हजारांहून अधिक जखमी झाले. या युद्धाने अपंगत्वाची जुनी कल्पना अपुरी ठरविली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत, विशेषतः १९१५–१६ मधील कुतच्या वेढ्यात, ताज्या अन्नाच्या अभावी अनेक हिंदी सैनिकांना स्कर्व्ही या रोगाने ग्रासले. पश्चिम आघाडीवर तोफखान्याच्या सततच्या भडिमाराने अनेकांचे मानसिक संतुलन ढळले. ‘शेल शॉक’ ही संज्ञा तेव्हाच प्रचारात आली. या सैनिकांच्या अंगावर जखमेची खूण नव्हती, पण घरी परतल्यावर नांगर धरण्याची किंवा गिरणीत काम करण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यांचा रोग युद्धाने निर्माण केला की तो मूळचाच होता, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकीय मंडळांपुढे येऊ लागला.

ब्रिटनमध्ये १९१६ च्या कायद्याने निवृत्तिवेतनासाठी स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले. १९१७ च्या राजाज्ञेने अपंगत्वाची टक्केवारी ठरविणारे कोष्टक लागू केले. त्यानुसार दोन अवयव गमावणाऱ्याचे अपंगत्व १०० टक्के मानले जाई व इतर हानींचे त्याहून कमी प्रमाण ठरलेले असे. सेवेमुळे निर्माण झालेल्या व्याधीबरोबरच सेवेमुळे बळावलेली व्याधीही भरपाईस पात्र ठरली. मात्र शाबितीचा भार बव्हंशी सैनिकावरच राहिला. आपल्या आजाराचे मूळ ज्या खंदकात होते, तेथील नोंदी त्याच्याजवळ नसत. त्या शासनाच्या दप्तरात असत. या विसंगतीवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सातत्याने टीका झाली. जो सैन्यात घेण्याइतका धडधाकट होता, तो आजारी होऊन बाहेर पडल्यास निवृत्तिवेतनासही पात्र असला पाहिजे, अशी माजी सैनिकांच्या संघटनांची मागणी होती.

अखेर १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, ब्रिटनने नियम बदलले. शाबितीचा भार सैनिकावरून शासनाकडे गेला आणि निर्णयाविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क सैनिकांना मिळाला. या अपिलांची सुनावणी करणाऱ्या न्या. डेनिंग यांनी १९४७ मध्ये मिलर विरुद्ध निवृत्तिवेतनमंत्री या खटल्यात शाबितीच्या निरनिराळ्या प्रमाणांचे जे विवेचन केले, ते पुढे राष्ट्रकुलातील अनेक देशांच्या पुरावाविषयक कायद्यात प्रमाणभूत मानले गेले. एका मृत सैनिकाच्या पत्नीच्या निवृत्तिवेतनाच्या दाव्यातून ते निष्पन्न झाले होते.

स्वातंत्र्योत्तर भारतातील नियम : भारतीय भूसेनेसाठी १९६१ मध्ये निवृत्तिवेतनाची विनियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या १७३ व्या विनियमानुसार, सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वास्तव ज्याला सेवेतून कमी करण्यात आले आहे आणि ज्याचे अपंगत्व २० टक्के वा त्याहून अधिक आहे, असा सैनिक अपंगत्व-निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. या वेतनाचे दोन भाग असतात : केलेल्या सेवेबद्दलचा ‘सेवा घटक’ व हानीबद्दलचा ‘अपंगत्व घटक’. १९७१ च्या भारत-पाक युद्धानंतर, फेब्रुवारी १९७२ मध्ये, युद्धात अपंग झालेल्यांसाठी व युद्धविधवांसाठी अधिक उदार तरतुदी करण्यात आल्या. शत्रूशी लढताना आलेले अपंगत्व आणि शांततेच्या काळातील सेवेत आलेले अपंगत्व यांत तेव्हापासून स्पष्ट भेद केला जाऊ लागला.

१९८२ मध्ये पात्रताविषयक नियम नव्याने तयार करण्यात आले. त्यांतील तीन तत्त्वे महत्त्वाची आहेत. (१) भरतीच्या वेळी केलेल्या वैद्यकीय तपासणीत ज्या दोषाची नोंद झालेली नाही, तो दोष सैनिकात तेव्हा नव्हता, असे गृहीत धरावे. (२) पुढे वैद्यकीय कारणास्तव त्याला सेवेतून कमी केले गेल्यास, त्याच्या प्रकृतीचा ऱ्हास सेवेमुळेच झाला, असे मानावे. (३) पात्रतेच्या अटी सिद्ध करण्यास सैनिकाला सांगू नये व वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा. ब्रिटनमधील १९४३ च्या सुधारणेशी या तत्त्वांचे साम्य उघड आहे. नियम उदार होते; अंमलबजावणी मात्र तितकी उदार राहिली नाही.

परिमाण : अपंगत्वाची टक्केवारी सैनिकी वैद्यकीय मंडळ ठरविते. पूर्वी ठराविक काळाने सैनिकाची फेरतपासणी होई आणि टक्केवारी घटल्यास वेतनही कमी होई. कायमच्या स्वरूपाच्या अपंगत्वाबाबत ही पद्धत २००१ च्या आदेशांनी बंद करण्यात आली. पाचव्या वेतन आयोगानंतर काढलेल्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशान्वये, १ जानेवारी १९९६ पासून टक्केवारीचे पूर्णांकन लागू झाले. त्यानुसार ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ टक्के अपंगत्व ७५ टक्के आणि ७६ ते १०० टक्के अपंगत्व १०० टक्के धरले जाते. वैद्यकीय मंडळाच्या अंदाजात काही टक्क्यांची चूक होण्याचा संभव असतो. तिचा भुर्दंड सैनिकाला पडू नये, हा यामागील हेतू. याच आदेशाने मृत्यू व अपंगत्व यांच्या कारणांचे पाच वर्ग पाडण्यात आले. सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे पहिल्या वर्गात येतात. सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले रोग दुसऱ्यात, कर्तव्य बजावताना झालेले अपघात तिसऱ्यात, दहशतवादी वा समाजकंटक यांच्या हिंसेतून आलेले अपंगत्व चौथ्यात आणि युद्ध व तत्सम कारवाया पाचव्यात मोडतात. पाचव्या वर्गातील सैनिकास अपंगत्व घटकाऐवजी युद्धजखमेचा घटक मिळतो.

या दोहोंतील अंतर बरेच मोठे आहे. अपंगत्व १०० टक्के असल्यास अपंगत्व घटक अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो, तर सेवेतून कमी केलेल्या सैनिकाचा युद्धजखमेचा घटक अखेरच्या वेतनाइतका असतो. टक्केवारी कमी असल्यास दोन्ही त्या प्रमाणात घटतात. उदा., अखेरचे वेतन दरमहा ४०,००० रुपये व अपंगत्व ४० टक्के असलेल्या सैनिकास पूर्णांकनाशिवाय ४,८०० रुपये अपंगत्व घटक मिळेल. पूर्णांकनाने अपंगत्व ५० टक्के धरल्यास ही रक्कम ६,००० रुपये होईल. तीच हानी युद्धात झाली असल्यास युद्धजखमेचा घटक २०,००० रुपये होईल. सेवा घटक याहून वेगळा. म्हणून सैनिकाचे नाव कोणत्या वर्गात नोंदले जाते, यावर त्याच्या कुटुंबाचे जीवनमान अवलंबून असते. सातव्या वेतन आयोगाने टक्केवारीऐवजी ठोक रक्कम सुचविली होती. १०० टक्के अपंगत्वासाठी अधिकाऱ्यास दरमहा २७,०००, कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यास १७,००० व इतर दर्जांच्या सैनिकांस १२,००० रुपये, असे ते दर होते. अनेकांच्या बाबतीत ही रक्कम टक्केवारीने येणाऱ्या रकमेपेक्षा कमी भरत असल्याने तिला विरोध झाला आणि २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धत कायम ठेवली.

कार्यपद्धती व तीतील दोष : सेवेतून बाहेर पडणाऱ्या सैनिकाची वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते. अपंगत्वाचे निदान, त्याचे प्रमाण आणि सेवेशी असलेला त्याचा संबंध यांविषयीचे मत मंडळ छापील प्रपत्रात नोंदविते. दावा नाकारला गेल्यास सैनिकाला दोन प्रशासकीय अपिले करता येतात. पूर्वी दाव्याचा निर्णय अलाहाबाद (विद्यमान प्रयागराज) येथील संरक्षण लेखा नियंत्रकाच्या निवृत्तिवेतन कार्यालयात होई. तेथील वैद्यकीय सल्लागार सैनिकास प्रत्यक्ष न तपासता केवळ कागदपत्रांवरून मंडळाने ठरविलेली टक्केवारी कमी करीत किंवा सेवेशी असलेला संबंध नाकारीत. माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही प्रथा अमान्य केली. ज्या वैद्यकीय मंडळाने सैनिकाला तपासले, त्याचे मत उच्चतर वैद्यकीय मंडळाकडून पुन्हा तपासणी करविल्याखेरीज लेखा कार्यालयास बदलता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

दुसरा दोष मतनोंदणीतच होता. ‘सेवेशी संबंध नाही’ किंवा ‘शांतता क्षेत्रात उद्भवलेला रोग’ एवढाच शेरा मारून दावे निकालात काढले जात. रोग भरतीच्या वेळी का आढळला नाही आणि तो सेवेमुळे नसल्यास कशामुळे झाला, याची कारणे दिली जात नसत. अल्पशिक्षित सैनिकाला आपल्या गावी हे प्रपत्र मिळे, तेव्हा त्यातील एका ओळीने आपला हक्क का गेला, हे समजण्याचे साधन त्याच्यापाशी नसे.

न्यायनिर्णय : सैनिकी सेवाविषयक तंट्यांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले व २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याचे एक प्रादेशिक पीठ मुंबई येथे आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या एका निर्णयामुळे जवळजवळ बंद झाली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा खुली केली.

या विषयावरील पायाभूत निर्णय धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२ जुलै २०१३) हा होय. १९८५ मध्ये सिग्नल्स कोअरमध्ये भरती झालेल्या या सैनिकास अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये सेवेतून कमी करण्यात आले. त्याचे अपंगत्व २० टक्के ठरले, परंतु व्याधी शरीरप्रकृतीतच होती, असे म्हणून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अन्वय लावून स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसल्यास ती सेवेत उद्भवली, असेच गृहीत धरले पाहिजे. हे गृहीतक खोडून काढण्याचा भार शासनावर आहे आणि वैद्यकीय मंडळाने कारणे दिली पाहिजेत. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात, ज्याला अपंगत्वामुळे सेवेतून काढले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी मानता येणार नाही, असे ठरले. एखाद्याचे अपंगत्व सेवेतून काढण्याइतके गंभीर, पण निवृत्तिवेतनापुरते नगण्य, अशी दुहेरी भूमिका शासनाला घेता येणार नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र होय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात, पूर्णांकनाचा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही लागू करण्यात आला. २०२५ मध्ये बिजेंदर सिंग यांच्या प्रकरणात, सियाचीनमध्ये सेवा केलेल्या व १९८९ मध्येच सेवेबाहेर पडलेल्या सैनिकास न्यायालयाने ५० टक्के दराने निवृत्तिवेतन देवविले. सेवेतून बाहेर पडल्यापासून हा हक्क मान्य होईपर्यंत ३६ वर्षे लोटली होती.

सर्वच निर्णय सैनिकांच्या बाजूने लागलेले नाहीत. नरसिंग यादव यांच्या प्रकरणात (२०१९) न्यायालयाने म्हटले, की काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत दिसून येणे शक्य नसते. म्हणून तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरूनच ते सेवेमुळे झाले, असे ठरविता येत नाही. रजेवरील अपघातांबाबतही सीमारेषा आखली गेली आहे. रजेवर जाताना रेल्वेतून उतरत असता हात गमावलेल्या सैनिकाचा हक्क १९९९ मध्ये मान्य झाला. प्रवास स्वखर्चाने होता, हे कारण त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरले गेले नाही. उलट, रजेत आपल्या गावी स्कूटरच्या अपघातात सापडलेल्या सैनिकाचा दावा २०११ मध्ये फेटाळण्यात आला. सेवेशी काहीतरी कार्यकारणसंबंध असलाच पाहिजे, ही मर्यादा न्यायालयांनी सोडलेली नाही.

अलीकडील नियम व वाद : २००८ च्या नियमांत १९८२ चे दुसरे गृहीतक वगळण्यात आले. सामान्यतः सैनिकास पुरावा मागू नये, हे तत्त्व कायम राहिले. परंतु सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी केलेल्या दाव्यात शाबितीचा भार सैनिकावर टाकण्यात आला. तरीही मंडळाने सकारण मत दिलेच पाहिजे आणि ‘शांतता क्षेत्र’ हा शेरा पुरेसा नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घेतली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालात, निवृत्तीच्या वेळी अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळविणाऱ्यांचे प्रमाण इतर दर्जांच्या सैनिकांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच अधिक असल्याचे आणि उच्च रक्तदाब व मधुमेह यांसारख्या रोगांचा त्यांत मोठा वाटा असल्याचे दाखविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम लागू झाले. त्यांनुसार अपंगत्व असूनही सेवेत राहून नेहमीप्रमाणे निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाचे वेगळे साहाय्य ठरविण्यात आले व काही रोगांबाबतचे निकष कडक झाले. गैरवापरास आळा घालून खऱ्या गरजूंचे हित साधणे, हा शासनाचा हेतू होता. रक्तदाबादी विकार हे सीमेवरील ताण, अनियमित झोप व कुटुंबापासूनचा दुरावा यांचेही परिणाम असतात, असा आक्षेप माजी सैनिकांनी घेतला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र काहींनी सवलतीचा अवाजवी लाभ घेतला म्हणून शाबितीचा भार पुन्हा सर्वांवर टाकणे, हा त्यावरील न्याय्य उपाय ठरत नाही.

प्रशिक्षणार्थींचा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. सैनिकी प्रबोधिनीतील छात्र प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत अधिकारी समजला जात नाही. त्यामुळे तेथे पाठीचा कणा मोडून घरी परतलेल्या तरुणास निवृत्तिवेतन न मिळता केवळ अनुग्रहराशी मिळे व माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ देण्याचा निर्णय शासनाने केला.

इतर देशांशी तुलना : अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात १८६२ चा कायदा झाला. १८९० च्या कायद्याने सेवेशी संबंध नसलेले अपंगत्वही पात्र ठरविले, तेव्हा निवृत्तिवेतन हा संघराज्याच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक झाला. तेथील अलीकडच्या कायद्यांचे वैशिष्ट्य म्हणजे ‘वैधानिक गृहीतक’ होय. व्हिएटनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तृणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांना जडलेले विशिष्ट रोग सेवेमुळेच झाले, असे मानण्याची तरतूद १९९१ मध्ये झाली. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर जाळलेल्या कचऱ्याच्या धुराने होणाऱ्या रोगांबाबत तशीच तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. अशा पद्धतीत विशिष्ट ठिकाणची सेवा व विशिष्ट रोग एवढे दाखविणे पुरते. त्यांतील संबंध प्रत्येकास वेगळा सिद्ध करावा लागत नाही. भारतात अतिशय उंचावरील सेवेबाबत असे सविस्तर वैधानिक गृहीतक निर्माण केल्यास अनेक खटले टळू शकतील.

पुनर्वसन : निवृत्तिवेतनाने उपजीविका चालते, परंतु गमावलेले कर्तृत्व परत मिळत नाही. या दृष्टीने झालेल्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अपंग हिंदी सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील अवयवहीन सैनिकांसाठी, स्थापन झाले. मज्जारज्जूच्या इजेने कमरेखालचे वा मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये खडकी येथे पुनर्वसन केंद्र उघडण्यात आले. चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणारे व दातांत कुंचला धरून चित्रे काढणारे सैनिक तेथे घडले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडल्बर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत त्यांनी ५० मी. पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले इयन कार्डोझो यांनी पुढे पलटणीचे व ब्रिगेडचे नेतृत्व केले आणि ते मेजर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. अपंग सैनिक केवळ साहाय्याचा विषय नसतो, हे अशा उदाहरणांनी सिद्ध होते.

समारोप : सैनिकी अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा इतिहास म्हणजे औदार्याकडून हक्काकडे झालेला प्रवास होय. होनांची बक्षिसी, जमिनीची नेमणूक, टक्केवारीचे कोष्टक व न्यायालयाचा हुकूमनामा हे त्यावरील टप्पे आहेत. हक्क मान्य झाला तरी तो मिळणे न मिळणे हे अखेर शाबितीचा भार कोणी वाहावयाचा, या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नावर ठरते. भरतीच्या दिवशी सैनिकाला तपासून धडधाकट ठरविणारे शासनच असते. त्याची नेमणूक कोठे करावयाची, हे तेच ठरविते आणि त्याच्या सेवेच्या व आजाराच्या नोंदीही त्याच्याच ताब्यात असतात. तेव्हा सैनिक आजारी होऊन परतल्यास त्याच्या प्रकृतीत मधल्या काळात काय बिघडले, याचे उत्तर देण्याची पहिली जबाबदारीही शासनाचीच ठरते.